नामदार गोखले आणि लष्कराचा हिशेब

१९ फेब्रुवारी हा दिवस महाराष्ट्रात शिवजयंतीच्या उत्साहात जातो. याच तारखेस, १९१५ साली, पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. त्याचे स्मरण मात्र फार थोड्यांना होते. ही तारीख केंद्रीय अर्थसंकल्पाच्या चर्चेच्या दिवसांत येते आणि या दिवसांत दरवर्षी एक वाद हटकून उपस्थित होतो. संरक्षणावर होणारा खर्च पुरेसा आहे की जादा? निवृत्त सैनिकांच्या पेन्शनचा बोजा वाढत चालला, तो कसा पेलावा? वादाच्या एका टोकाला लष्करी खर्चाविषयी प्रश्न विचारणे म्हणजेच देशद्रोह असे मानणारे असतात. दुसऱ्या टोकाला हा सर्व खर्च वाया जातो असे म्हणणारे असतात. या दोन्ही टोकांना टाळून, आकड्यांच्या आधारे आणि देशाच्या संरक्षणाची गरज पूर्णपणे मान्य करून लष्कराचा हिशेब कसा मागावा, याचा पहिला पाठ या देशाला गोखल्यांनी दिला. त्यांच्या चरित्राची ही बाजू आज पुन्हा पाहण्याजोगी आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एकेका पैशाचा विनियोग कसा होतो याची जाण गोखल्यांना पुस्तकांतून आली नाही. ती घरातूनच आली. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. दीर्घ सेवेनंतर अल्पशा निवृत्तिवेतनावर ते १९०२ साली बाहेर पडले, ते देशाच्या अंदाजपत्रकाचे गणित मांडण्यासाठी.

हे गणित त्यांना ज्यांनी शिकविले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या संपादनाचे काम तरुण गोखल्यांकडे आले. सरकारी अहवाल बारकाईने वाचायचे, त्यांतील तक्ते ताडून पाहायचे आणि मगच अर्जाचा मसुदा लिहायचा, ही रानड्यांची शिस्त होती. या शिस्तीत गोखल्यांना आणखी एका माणसाची मोलाची मदत झाली. ते होते सरकारी हायस्कुलांतून हेडमास्तरकी करणारे गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी चाकरीमुळे जोशी यांना उघडपणे लिहिता येत नसे. पण शेतसारा, रेल्वे, चलन, लष्कर अशा प्रत्येक विषयावरील आकडे त्यांच्यापाशी तयार असत आणि गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांना त्यांचा मोठा आधार असे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला निरुत्तर करणाऱ्या भाषणांमागे महाराष्ट्रातील एका शाळामास्तराची टिपणे होती, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

लष्करी खर्चाचा प्रश्न गोखल्यांनी उपस्थित केला असे नाही. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर रशियाच्या हालचाली झाल्या आणि हिंदी सरकारने सुमारे तीस हजारांची लष्करवाढ ठरविली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात या वाढीला विरोध करणारा ठराव झाला होता. त्याच सुमारास उत्तर ब्रह्मदेश जिंकण्यात आला. हे सर्व निभावण्यासाठी १८८६ मध्ये प्राप्तिकर आला आणि १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. या घटना सर्वांसमोर घडत होत्या. गोखल्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी त्या एका सूत्रात ओवून दाखविल्या. सरहद्दीवर पलटण वाढली की तिचे बिल शेवटी कोणाच्या चुलीपर्यंत येते, हे त्यांनी दाखविले. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिठागरे होती. पण त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात, शेणव्यासारख्या गावी, ते मीठ पोहोचेपर्यंत त्यावर त्याच्या उत्पादनखर्चाच्या कित्येक पट कर चढलेला असे. ज्याला वर्षभर पोटभर अन्नाची शाश्वती नाही, तोही चिमूटभर मिठातून साम्राज्याच्या फौजेला वर्गणी देत होता.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. दादाभाई नौरोजी कमिशनचे सभासद होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीसाठी गेले होते. गोखल्यांच्या साक्षीतील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा होता. हिंदुस्थानच्या तिजोरीतून केवळ हिंदुस्थानात असलेल्या फौजेचाच खर्च होत नसे. येथे येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या शिपायाच्या विलायतेतील शिक्षणासाठी ठरावीक रक्कम ब्रिटिश खजिन्यात भरावी लागे. येथील नोकरी संपवून मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे व सैनिकांचे निवृत्तिवेतनही येथूनच, आणि तेही पौंडांत, जाई. दादाभाईंनी ज्याला संपत्तीचा ओघ म्हटले, त्याचा हा एक ठळक प्रवाह होता. हिंदी रयतेच्या करातून मिळालेले निवृत्तिवेतन विलायतेतील बाजारात खर्च होई. शिवाय हिंदी फौज साम्राज्याच्या कामासाठी १८६७ मध्ये ॲबिसिनियात किंवा १८८२ मध्ये इजिप्तमध्ये गेली, तेव्हाही खर्चाचा भाग हिंदुस्थानच्या माथी मारण्यात आला होता. ज्याच्या हितासाठी फौज लढते त्याने खर्च सोसावा, एवढेच गोखल्यांचे म्हणणे होते. ते आजही कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला नाकारता येणार नाही.

याच विलायतवारीत त्यांना आयुष्यभर पुरेल असा एक चटका बसला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांची पथके नेमली होती. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती पत्रांतून कळताच गोखल्यांनी विलायतेत तसा जाहीर आरोप केला. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्र लिहिणारांपैकी कोणी पुढे येण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्याबद्दल स्वजनांचीही निर्भर्त्सना सोसली. लष्कराविषयी हाती पुरावा नसताना बोलण्याचे मोल त्यांनी असे मोजले. त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत लष्करावरील टीका सौम्य झाली नाही. मात्र तिचा प्रत्येक शब्द सरकारच्याच छापील आकड्यांवर उभा राहू लागला.

फिरोजशहा मेहतांच्या जागी निवडून येऊन गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवून सरकार स्वतःची पाठ थोपटून घेत होते. सर्वत्र समाधानाचे वातावरण होते. गोखल्यांनी विचारले की, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी व प्लेगने देश पोळून निघाला असताना ही शिल्लक आली कोठून? उत्तरही त्यांनीच मांडले. १८९३ साली टांकसाळी बंद करून रुपयाची किंमत कृत्रिम रीतीने चढविण्यात आली होती. एके काळी तेरा पेन्सांपर्यंत उतरलेला रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. त्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठी कमी रुपये लागू लागले. पण रुपया उतरता असताना ती तूट भरून काढण्यासाठी बसविलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक समृद्धीची नव्हती. लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची ती खूण होती. आणि तिजोरीत अशी शिल्लक पडून राहिली की तिच्यावर पहिली झडप लष्करी खात्याची पडते, हा इशारा त्यांनी दिला.

त्या कायदेमंडळाला अंदाजपत्रकावर मतदानाचा अधिकारच नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सभासदांनी भाषणे करावीत आणि सरकारने पूर्वीच ठरलेले आकडे कायम करावेत, अशी ती पद्धत होती. तरीही १९०३ मध्ये मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला व प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. या कपातींचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु दरवर्षी मार्च महिन्यात उभे राहून तेच गणित नव्या आकड्यांनिशी मांडणारा एक माणूस सभागृहात होता, याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. कर उतरताच मिठाचा खप वाढला, हेही पुढे त्यांनी सरकारच्याच तक्त्यांतून दाखवून दिले. गरिबाचे मीठ करामुळे किती तुटले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

किचनेरची योजना

१९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनेर सरसेनापती म्हणून आले. वायव्य सरहद्दीकडे तोंड करून नऊ डिव्हिजनांची लढाऊ फौज उभारण्याची प्रचंड खर्चाची योजना त्यांनी आखली. गोखल्यांनी या योजनेला केवळ ती खर्चिक आहे म्हणून विरोध केला नाही. त्यांची युक्तिवादाची पद्धत पाहण्यासारखी आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत व १९०० मध्ये चीनमध्ये हिंदुस्थानातून मोठ्या फौजा पाठविण्यात आल्या आणि तरीही येथे काही अनर्थ ओढवला नाही. याचा अर्थ, हिंदुस्थानच्या गरजेहून अधिक फौज हिंदुस्थानच्या खर्चाने पोसली जात होती. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्यावर रशियन स्वारीची भीतीही ओसरली. मग योजना तशीच पुढे रेटण्याचे कारण काय? दुसरे म्हणजे, अन्य राष्ट्रे शांततेच्या काळात बेताची खडी फौज ठेवतात व शिक्षण देऊन घरी पाठविलेल्या राखीव सैनिकांच्या बळावर युद्धाची तयारी करतात. हिंदुस्थान मात्र जवळजवळ युद्धकाळचाच खर्च शांततेतही करीत होता. १८५७ नंतर हिंदी लोकांवरील अविश्वासामुळे दोन हिंदी शिपायांमागे सुमारे एक गोरा हे प्रमाण राखण्यात आले होते, तोफखाना प्रायः गोऱ्यांच्याच हाती होता आणि एक गोरा शिपाई हिंदी शिपायाच्या कित्येक पट महाग पडे. अविश्वास हाच लष्करी खर्चातील सर्वांत महाग जिन्नस होता.

म्हणूनच अधिकारपदांचा प्रश्न गोखल्यांना केवळ मानापमानाचा वाटला नाही. कितीही शूर असला तरी हिंदी शिपाई सुभेदार-मेजरच्या वर चढू शकत नसे. सम्राटाचे कमिशन हिंदी माणसाला मिळू लागले ते १९१७ मध्ये, गोखले गेल्यानंतर. ज्या देशाची माणसे फौजेत फक्त हुकूम ऐकण्यासाठी घेतली जातात, त्या देशाला ती फौज आपली वाटणे कठीण, हे त्यांनी पुनःपुन्हा बजावले.

दापोलीचे पेन्शनर

याच कालखंडात, गोखल्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, लष्करी धोरणाची दुसरी बाजू उघड होत होती. जुन्या मुंबई फौजेत कोकणातील शिपायांचा भरणा मोठा होता आणि निवृत्त शिपायांची मोठी वस्ती दापोलीस होती. त्यांत महार समाजातील सुभेदार, जमादार व हवालदार पुष्कळ होते. पलटणीने त्यांना वेतन दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अक्षरओळख दिली. कारण गावच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांची मुले पलटणीच्या शाळेत बसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते व निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले. परंतु लढाऊ व बिगरलढाऊ जाती असा भेद करणारे धोरण आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बापाचे निवृत्तिवेतन चालू राहिले, पण मुलाची वाट बंद झाली. फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट हिंदुस्थानमंत्र्यांकडे दाद मागितली.

गोखल्यांनी १९०३ मध्ये धारवाड येथील सामाजिक परिषदेत अस्पृश्यतेचा कठोर शब्दांत निषेध केला होता. तथापि लष्कराच्या प्रश्नात त्यांचा भर होता तो खर्चाचा बोजा आणि वरच्या अधिकारपदांवर. निवृत्त शिपायांचे गाऱ्हाणे त्या शिपायांनी स्वतःच, निराळ्या वाटेने, सरकारदरबारी नेले. आज मागे वळून पाहताना या दोन्ही मागण्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या हे स्पष्ट दिसते. विलायतेतील निवृत्त अधिकाऱ्यासाठी हिंदी तिजोरी सदैव उघडी होती. दापोलीच्या सुभेदाराच्या मुलाला मात्र पलटणीचे दार बंद झाले होते. लष्करावर किती खर्च होतो एवढेच पाहिले तर ही विषमता दिसत नाही. तो कोणावर होतो हे पाहिले तरच दिसते.

शाळेसाठी पैसा नाही

लष्करी खर्च कमी करून वाचलेल्या पैशाचे काय करावे, हेही गोखले सांगत असत. शेतकऱ्याची कर्जमुक्ती, आरोग्य आणि सर्वांत आधी प्राथमिक शिक्षण. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय बेताचे होते. नगरपालिका व जिल्हा बोर्डांना इच्छा असेल तर, सरकारच्या परवानगीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती लागू करता यावी, एवढीच त्यातील मागणी होती. मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. विरोधाच्या कारणांत पैशाच्या अडचणीचे कारण होतेच. किचनेरच्या डिव्हिजनांच्या वेळी ही अडचण कोणाला आठवली नव्हती. योगायोग असा की, १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची सोय दिली, तेव्हा काही बाबी चर्चेच्या बाहेर ठेवल्या. लष्कर ही त्यांतील एक बाब होती. शाळेच्या पैशावर मतदान घेता येत होते. तोफेच्या पैशावर नाही.

अविश्रांत श्रम व मधुमेह यांनी गोखल्यांची प्रकृती पोखरली होती. १९०५ मध्ये स्थापन केलेली भारत सेवक समाज ही संस्था, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न, सनदी नोकऱ्यांच्या कमिशनचे काम हे सर्व अखेरपर्यंत चालू होते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले, तेव्हा पहिले महायुद्ध पेटले होते आणि हिंदी शिपाई फ्रान्सच्या खंदकांत लढत होते. त्याच युद्धाच्या गरजेने महारांची भरती पुन्हा सुरू झाली, १९१७ मध्ये त्यांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ साल उजाडावे लागले. युद्ध असताना शिपाई हवा आणि युद्ध संपल्यावर तो नको, ही वृत्ती किती जुनी आहे ते यावरून कळते.

आजचा हिशेब

स्वतंत्र भारतात परिस्थिती मुळातून बदलली आहे. फौज आपली आहे, तिचे अधिकारी आपले आहेत आणि सीमांवरील धोका खरा आहे. म्हणून गोखल्यांचे निष्कर्ष उचलून आज जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. पण त्यांनी विचारलेले प्रश्न शिळे झालेले नाहीत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यांतील सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. दीर्घकाळच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन हे तत्त्व १ जुलै २०१४ पासून लागू झाले. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांनंतर चौथा हिस्सा जवानच कायम होतात आणि उरलेल्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. फौज तरुण राहावी, निवृत्तिवेतनाचा बोजा आटोक्यात यावा व पैसा शस्त्रसामग्रीकडे वळावा, असे समर्थक म्हणतात. विशीच्या मध्यावर गावी परतलेल्या जवानाने पुढे काय करावे, असे विरोधक विचारतात.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद घोषणांनी सुटणारा नाही. थोडी खडी फौज व मोठे राखीव दल हा काटकसरीचा मार्ग गोखल्यांनीच दाखविला होता. पण तिजोरीत वाचलेला रुपया दरवेळी खरोखरच वाचलेला असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो. परतलेल्या जवानाला काम मिळाले नाही तर ती काटकसर त्याच्या म्हाताऱ्या आईबापांच्या दोन एकर जिरायतीवर येऊन पडते, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मिठाच्या चिमटीत लपलेला लष्करी खर्च गोखल्यांनी शोधून काढला, तसा हा न दिसणारा खर्चही कोणीतरी शोधून मांडला पाहिजे.

गोखल्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, तरी ते दरवर्षी पूर्ण तयारीनिशी बोलले. आज लोकसभेला संपूर्ण अधिकार आहे. तरीही कोट्यवधी रुपयांच्या मागण्या अनेकदा वेळेअभावी चर्चेविनाच मंजूर होतात. अधिकार नसलेल्या सभागृहात एका मास्तराने जो हिशेब मागितला, तो अधिकार असलेल्या सभागृहात मागितला जात नसेल, तर दोष लष्कराचा नाही. तो आपल्या लोकप्रतिनिधींचा आहे, आणि आकडे वाचण्याचा कंटाळा करणाऱ्या आपणा सुशिक्षितांचाही आहे. सैनिकाचा सन्मान त्याच्या नावाने घोषणा देऊन होत नाही. त्याच्या नावाने खर्च होणारा रुपया त्याच्यापर्यंत, आणि तो निवृत्त झाल्यावर त्याच्या घरापर्यंत, किती पोहोचतो हे विचारणे हा त्या सन्मानाचाच भाग आहे.